सोन्याची जाळी

आमच्या फाटकाशी मेंदीचे कुंपण आहे. आईने लावलेले. आई गेली, कुंपण राहिले. यंदा श्रावणात त्यावर पिवळ्या दोऱ्यांचा गुंता दिसला. "अहो, जणू सोन्याची जाळीच! राहू द्या," आमच्या सौ. म्हणाल्या. मीही मान डोलावली. मराठीच्या मास्तरला उपमा मिळाली की पुरे. चौकशी कोण करतो?

भाद्रपद सरेतो मेंदी निम्मी वाळली. तेव्हा मी कोयता उचलला आणि कडुनिंबावरची गुळवेल तोडली! तिच्या लोंबत्या दोऱ्या पाहून तीच चोर वाटली.

वनस्पतिशास्त्र शिकवणारे आमचे सहकारी आले आणि कपाळाला हात लावून म्हणाले, "सर, संन्याशाला सुळी दिलीत! गुळवेलीला हिरवी पाने आहेत, मूळ जमिनीत आहे. ती झाडाचा नुसता आधार घेते. चोर ही अमरवेल. हिला पान नाही, जमिनीत मूळ नाही. दोरा उचलून बघा."

पाहिले. दोरा फांदीला जिथे विळखा घालतो, तिथे बारीक गाठींची रांग होती. याच गाठींतून ती झाडाचा रस ओढते. बी मातीत रुजते, पण थोड्या दिवसांत झाड सापडले नाही तर कोंब मरतो. सापडले की मूळ सुकते आणि परान्नभोजन सुरू! त्या मानाने बांडगूळ बरे म्हणायचे. ते पाणी चोरते, पण हिरव्या पानांनी आपले अन्न तरी शिजवते. उगाच आपण त्याचे नाव शिवीसारखे वापरतो.

उपाय एकच. दोरे नुसते ओढायचे नाहीत, कारण राहिलेला तुकडा पुन्हा वाढतो. विळख्याखालून फांदीच छाटायची आणि जाळायची. तेही थंडीत बी धरण्यापूर्वी, कारण बी मातीत वर्षानुवर्षे टिकते.

आईचे कुंपण गुडघ्याइतके छाटताना हात जड झाला. सौ. काही न बोलता फांद्या गोळा करीत होत्या.

परवा पणत्या ठेवताना पाहिले, तर खुंटांना पोपटी कोंब! आणि तोडलेल्या गुळवेलीने वरून एक बारीक मूळ मातीकडे सोडले होते. संस्कृतात तिला 'अमृता' म्हणतात. नाव दोघींचेही मोठे; पण एक दुसऱ्याच्या जिवावर अमर, दुसरी आपल्या मुळावर!