झाडं लावणारे पुष्कळ, ओळखणारे हवेत

पाऊस सुरू झाला की वृक्षारोपणाचे फोटो सगळीकडे दिसू लागतात. खड्ड्यात कोणतं रोप गेलं, हे मात्र कोणी विचारत नाही. बहुतेकदा गिरिपुष्प नाहीतर गुलमोहर, कारण रोपवाटिकेत तेच तयार असतं. वारंग, कुंभा, कौशी अशी देशी झाडं मागून बघा. माळी तुमच्याच तोंडाकडे बघत राहील. देशी झाडांच्या कामात मुलांना काही भवितव्य आहे का, असं विचारणाऱ्या पालकांना म्हणूनच सांगतो, काम पडून आहे, माणसं नाहीत.

पगाराचं आधीच बोलून टाकू. सुरुवातीला बेताचाच असतो, आणि बऱ्याच नोकऱ्या प्रकल्प संपला की संपतात. घरावर हप्ते असतील तर हिशेब मांडूनच या.

वनस्पतिशास्त्राची पदवी घ्या. पुण्यातल्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणासारख्या ठिकाणी तिच्यावाचून चालत नाही. पण बी रुजवणं हातानेच शिकावं लागतं. उन्हाळ्यात बहाव्याची काळी शेंग फोडा, बिया धुऊन खडबडीत दगडावर घासा, रात्रभर भिजत घाला. फुगल्या त्या पेरा, टणक राहिल्या त्या पुन्हा घासा. पळसाचं उलट. शेंग पडली की लगेच पेरायची. पुढच्या साली वापरू म्हणून ठेवलेलं बी वाया जातं. झाड कुठलं, बी कधी गोळा केलं, किती रुजलं, हे सगळं वहीत लिहा. मुलाखतीला प्रमाणपत्राबरोबर ती वहीही न्या.

आणि 'इथे झाड नको' म्हणायला शिका. हे सगळ्यात अवघड, कारण समोर हार घेऊन पाहुणे उभे असतात. कासच्या सड्यावर जांभ्या खडकावर मातीचा जेमतेम थर, त्यावर पावसाळ्यात गेंद आणि सीतेची आसवं फुलतात. तिथे खड्डे खणून झाडं लावली, अगदी देशी लावली, तरी ती फुलं जातात. कंदीलपुष्पंही अशाच उघड्या, गवताळ उतारांवरची. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात डॉ. श्रीरंग यादव यांनी या कंदीलपुष्पांच्या दुर्मिळ जाती वाढवून पुन्हा निसर्गात लावल्या. कामाचा दर्जा कसा असतो ते तिथे बघा.

गावात असाल तर वाट बघू नका. 2002च्या जैवविविधता कायद्यानुसार ग्रामपंचायतीत समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. ती मागा, वाचा, कोरी असेल तर भरायला घ्या. मात्र पुस्तक उघडण्याआधी गुराख्यांकडे आणि वैदूंकडे जा. हिरडा कुठल्या खोऱ्यात किती उरलाय, ते त्यांना ठाऊक असतं.