नाव देणे आणि नावे ठेवणे

विशाळगडावर सापडलेल्या कंदीलपुष्पाच्या नव्या जातीला ‘सेरोपेजिया शिवरायीना’ असे शिवरायांचे नाव मिळाले, तेव्हा समाजमाध्यमांवर अभिमानाचा पूर आला. अभिमान रास्तच आहे. परंतु त्या पुरात एक प्रश्न वाहून गेला : ही जात नवी आहे हे ठरते कसे, आणि ते ठरवू शकणारी माणसे आपण किती काळ टिकवणार आहोत?

आम्हा भौतिकशास्त्रज्ञांना वर्गीकरणशास्त्राला नावे ठेवण्याची जुनी खोड आहे. भौतिकशास्त्र तेवढे विज्ञान, बाकी सारा तिकीटसंग्रह, हे रदरफर्डच्या नावावर खपवले जाणारे मत आजही चवीने सांगितले जाते. सांगणाऱ्यांनी स्वतःचा इतिहास आठवावा. २०१९ पर्यंत आपला किलोग्रॅम म्हणजे पॅरिसजवळ कुलूपबंद ठेवलेला प्लॅटिनम-इरिडियमचा एक ठोकळा होता. वनस्पतीच्या जातीचे नावही असेच एका वस्तूला बांधलेले असते. ती वस्तू म्हणजे प्ररूप नमुना : बहुधा वाळवून कागदावर डकवलेली वनस्पती. १९५८ पासून असा नमुना नेमून दिल्याखेरीज नव्या जातीचे नाव वैध ठरत नाही. किलोग्रॅमची सुटका प्लांकच्या स्थिरांकाने केली. नमुन्याला तसा पर्याय नाही. १९४३ मध्ये बर्लिनचा वनस्पतिसंग्रह बॉम्बहल्ल्यात जळाला. त्यात हजारो प्ररूपे गेली. ती कोणत्याही समीकरणातून परत मिळत नाहीत.

आपण तरी काय जपले? मी राहतो त्या तिरुवैयारूच्या परिसरावर तंजावरच्या भोसल्यांची सत्ता होती, तेव्हा १७६८ मध्ये लिनियसचा शिष्य केनिग शेजारच्या तरंगंबाडीला आला. त्याने गोळा केलेल्या वनस्पती युरोपात गेल्या. आपल्या फोडणीतल्या कढीपत्त्याच्या शास्त्रीय नावात आजही केनिगच आहे. स्वातंत्र्यानंतर या प्रदेशाच्या वनस्पतींची कसून नोंद केली ती तिरुचिरापल्लीच्या एका महाविद्यालयातील रॅपिना संग्रहातून फादर मॅथ्यू यांनी. कोल्हापुरात कंदीलपुष्पांसाठी प्रा. श्रीरंग यादव यांनी आयुष्य वेचले. फुलावाचून या जाती ओळखणे कठीण, आणि फुले येतात ती बहुतांशी पावसाळ्यातल्या मोजक्या आठवड्यांत. अशी नजर वर्षानुवर्षे डोंगर तुडवून तयार होते. ती तीन वर्षांच्या प्रकल्पातून विकत मिळत नाही.

म्हणून मागणी साधी आहे. प्रत्येक विद्यापीठात वर्गीकरणतज्ज्ञाचे एक कायम पद हवे आणि प्रत्येक वनस्पतिसंग्रहाला नियमित निधी हवा. दुर्बिणी आणि कणत्वरकांवर होणाऱ्या खर्चापुढे ही रक्कम नगण्य आहे, हे मी त्याच क्षेत्रातला म्हणून सांगतो. जयघोष करणाऱ्यांनी जवळच्या महाविद्यालयात जाऊन एकदा विचारावे, की नमुन्यांच्या कपाटाची किल्ली कोणाकडे आहे. महाराजांचे नाव दिलेल्या रोपाचा वाळवलेला नमुना उद्या कसरीने खाल्ला, तर हा अभिमान कशावर उभा राहणार?