पाचव्या वर्षी काय झालं, ते विचारा

कॉलेजच्या पार्किंगमध्ये टू-व्हीलरच्या गर्दीत एखादी लाल किंवा काळी सेदान येऊन थांबते. खाली बसलेला स्टान्स, मोठे अलॉय, मागे छोटासा स्पॉयलर. दोन मिनिटांत तिच्याभोवती चार जण जमतात आणि पहिला प्रश्न येतो, ‘किती देते?’ दुसरा, ‘टॉप स्पीड किती मारलाय?’ आणि तिसरा, जरा दबक्या आवाजात, ‘सेकंडहँड कितीला पडेल रे?’

तुमच्यापैकी अनेकांच्या डोक्यात ही गाडी आहे, हे आम्हाला माहीत आहे. पहिली नोकरी लागली की घ्यायची, किंवा त्याआधीच बाबांना पटवायचं. सगळे एसयूव्हीच्या मागे लागलेले असताना सेदान आवडणं यात एक वेगळेपण आहे आणि आवड चुकीचीही नाही. गाडी जमिनीलगत असल्यामुळे वळणावर कमी झुकते, हायवेवर रस्ता धरून चालते. स्लाव्हिया आणि व्हर्टसमधलं १.५ लिटरचं टर्बो इंजिन १५० पीएस आणि २५० न्यूटन मीटर देतं, व्हर्नाचं टर्बो १६० पीएस. साध्या हॅचबॅकमध्ये ८०-९० पीएस असतात, हे लक्षात घ्या म्हणजे फरक कळेल. शिवाय या गाड्यांचं आपल्याशी नातंही आहे. ऑक्टेव्हिया औरंगाबादजवळच्या शेंद्र्यात तयार व्हायची, स्लाव्हिया आणि व्हर्टस पुण्याजवळच्या चाकणमध्ये तयार होतात.

म्हणजे गाडी भारीच आहे. प्रश्न एवढाच, की ती पाच वर्षांनी कशी असेल आणि तोवर तुमच्या खिशाचं काय झालेलं असेल? याचं उत्तर ब्रोशरमध्ये नसतं. ते मालकांकडे असतं. पण मालकाचं ऐकायचं कसं, हे आपल्याला कुणी शिकवत नाही.

मालक तीन प्रकारचे असतात. पहिला, ज्याने गेल्याच महिन्यात गाडी घेतलीय. तो कौतुकच करणार. पंधरा लाख मोजल्यावर ‘चुकलंच जरा’ असं कोण म्हणेल? दुसरा, ज्याची गाडी बिघडलीय आणि सर्व्हिस सेंटरने दाद दिली नाही. तो भेटेल त्याला सांगत सुटतो, त्यामुळे त्याचा आवाज सगळ्यात मोठा. तिसरा, जो सहा-सात वर्षं रोज गाडी चालवतोय आणि त्याला सांगण्यासारखं काही विशेष वाटतच नाही. तो गप्प असतो. आपल्याला भेटायचंय ते या तिसऱ्याला, आणि आपण नेमके पहिल्या दोघांवर मत बनवतो.

हे मी शहाणपणाने सांगत नाहीये, पैसे घालवून सांगतोय. नोकरीला दीड वर्ष झालं होतं. ओळखीतल्या एकांकडे पाच वर्षांची, ४८ हजार किलोमीटर चाललेली टर्बो ऑटोमॅटिक सेदान होती. किंमत साडेपाच लाख. बाबांनी पीएफमधून दोन लाख काढून दिले, बाकीचं कर्ज. मी त्या गृहस्थांना तेच तीन प्रश्न विचारले, जे तुम्ही पार्किंगमध्ये विचारता. चौथ्या महिन्यात कात्रजच्या घाटात डॅशबोर्डवर गिअरबॉक्सचा दिवा लागला, गाडी जागेवर उभी राहिली आणि टोचन लावून खाली आली. बिल एक लाख पस्तीस हजार. नंतर सर्व्हिस रेकॉर्ड काढलं तेव्हा कळलं, की ट्रॅफिकमध्ये पहिल्या-दुसऱ्या गिअरला झटके बसतात ही तक्रार त्यात दोनदा नोंदवलेली होती. त्या गृहस्थांनी माझ्याशी खोटं बोललं नव्हतं. मी विचारलंच नव्हतं. बाबा काहीच बोलले नाहीत, ते जास्त लागलं.

आता झटके का बसत होते, हे समजून घ्या, कारण स्पोर्टी गाडीचा सगळा हिशेब इथेच आहे. अशा अनेक गाड्यांत ड्युअल क्लच गिअरबॉक्स असतो. दोन क्लच, एक सम गिअर सांभाळतो, दुसरा विषम. त्यामुळे गिअर पापणी लवायच्या आत पडतो आणि मजा येते. पण क्लच ड्राय प्रकारचा असेल, तर बंपर-टू-बंपर ट्रॅफिकमध्ये इंच-इंच सरकताना तो सतत अर्धवट घसटत राहतो आणि तापतो. जर्मन हायवेवर त्याला जे आयुष्य मिळतं, ते हिंजवडीच्या संध्याकाळी मिळणार नाही. ज्यांना हे कळलंय ते मालक पुढच्या गाडीत जरा अंतर पडू देतात, मग एकदाच पुढे घेतात. लांब सिग्नलला न्यूट्रल करून हँडब्रेक ओढतात. तीच गाडी, तोच रस्ता, पण पाचव्या वर्षी दोन वेगळी बिलं.

टर्बोचंही तसंच. त्याची छोटी चक्की मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेते आणि तिला जगवणारी एकच गोष्ट असते, इंजिन ऑइल. ऑइल वेळेवर आणि सांगितलेल्या ग्रेडचंच बदललं, एक्स्प्रेस-वेवर दामटून आल्यावर फूड मॉलला लगेच चावी न फिरवता मिनिटभर इंजिन चालू ठेवलं, तर टर्बो वर्षानुवर्षं त्रास देत नाही. ‘हजार रुपये वाचतात’ म्हणून कुठलंही ऑइल टाकलं, तर तो बोलत नाही, थेट बिल पाठवतो.

आणि जिला कुणी टर्बो लावला नव्हता, ती गाडी आठवा. होंडा सिटी भारतात १९९८ला आली. तिचं १.५ लिटरचं व्हीटेक इंजिन १०६ बीएचपी द्यायचं, तेही टर्बोशिवाय. आज त्या गाड्या वीस वर्षांच्या पुढे गेल्यात, तरी शौकीन मंडळी त्या शोधत फिरतात. आमच्या सोसायटीतले एक काका आहेत. साधं पेट्रोल, मॅन्युअल गिअर, अकरा वर्षांची सेदान, १ लाख ४२ हजार किलोमीटर. ‘काही प्रॉब्लेम?’ विचारलं तर म्हणाले, ‘क्लच प्लेट एकदा, बॅटरी दोनदा, शॉकअप मागचे. आणखी काय व्हायचं?’ हा तो तिसरा मालक. शून्य ते शंभर किती सेकंदात, हे त्यांना माहीत नाही. पण गाडीने रस्त्यात कधी उतरवलं नाही, हे माहीत आहे.

आता किमतीचं बोलू. आपण किंमत म्हणजे व्हॅल्यू समजतो. विमा कंपन्या गाडीची किंमत वयानुसार कशी कमी धरतात ते बघा. पहिलं वर्ष संपता संपता १५ टक्के कमी, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाचपर्यंत ५० टक्के. म्हणजे पंधरा लाखांची गाडी पाचव्या वर्षात विम्याच्या कागदावर साडेसात लाखांची. बाजारात भाव थोडा वर-खाली होईल, पण दिशा हीच. त्यात आपल्या करांची रचना सेदानच्या बाजूने नाही. सप्टेंबर २०२५पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर १८ टक्के जीएसटी आहे आणि साडेचार मीटरच्या या सेदानवर ४० टक्के.

‘म्हणूनच सेकंडहँड घेतो ना,’ तुम्ही म्हणाल. बरोबर. पहिली घसरण दुसऱ्याने सोसली, हा फायदा खरा आहे. पण एक गणित वहीवर करा. आठ लाखांचं कर्ज, पाच वर्षं, १० टक्के व्याज धरलं तर हप्ता साधारण १७ हजार. सेकंडहँड गाडीला व्याज बहुतेक वेळा याहून जास्तच लागतं. महिन्याला हजार किलोमीटर, शहरात १३चं अ‍ॅव्हरेज आणि लिटरला १०५ रुपये म्हणजे पेट्रोल आठ हजार. विमा, सर्व्हिसिंग, टायर, पार्किंग यांचे महिन्याला चार हजार धरा. झाले २९ हजार. पहिला पगार ३५-४० हजार असेल, तर उरलं काय? आणि यात अजून गिअरबॉक्सचा दिवा लागलेलाच नाही. पाच वर्षं जुन्या गाडीचं मेंटेनन्स पाच लाखांच्या गाडीसारखं नसतं. ते मूळ पंधरा लाखांच्या गाडीसारखंच असतं. पार्ट्सना ती आता स्वस्त झालीय हे माहीत नसतं.

मग विचारायचं काय? सगळ्यात आधी, ‘का विकताय?’ आणि उत्तर पूर्ण ऐकायचं. त्यानंतर सर्व्हिस हिस्टरी. चेसिस नंबरवरून अधिकृत सर्व्हिस सेंटरला रेकॉर्ड मिळतं, ते मालकासोबत जाऊन बघा. त्यात किलोमीटरचे आकडे तारखेनुसार वाढत गेलेत का, ते तपासा. मीटर मागे नेणं आपल्याकडे नवीन नाही. टायरच्या बाजूवर चार आकडी कोड असतो. २३१९ म्हणजे २०१९ सालातला तेविसावा आठवडा. गाडी २०१९ची, मीटरवर २५ हजार आणि टायर २०२२चे असतील, तर पहिले टायर एवढ्या लवकर कसे संपले, हे विचाराच. ब्रेक पेडलचं रबर गुळगुळीत झालंय का, तेही बघा.

सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. टोकाला चिखलाची रेघ दिसली, सीटच्या रुळांना गंज असला, एसी लावल्यावर कुबट वास आला, तर गाडी पाण्यात बसली असण्याची शक्यता आहे. २०१९च्या पुरात सांगली-कोल्हापुरात आणि २०२१ला चिपळूणमध्ये किती गाड्या बुडाल्या ते आपण पाहिलंय. त्यातल्या सगळ्याच भंगारात गेल्या असतील असं समजू नका.

टर्बो गाडी असेल, तर आणखी एक विचारा, ‘रीमॅप केली होती का?’ लॅपटॉप लावून इंजिनाची ताकद वाढवायची आणि विकायच्या आधी पुन्हा मूळ सेटिंगवर आणायची, हे सर्रास होतं. ताकद परत घेता येते, गिअरबॉक्सची झीज घेता येत नाही. तुम्हीही हा मोह टाळा. वॉरंटी जाते आणि अपघात झाला तर विमा कंपनीला दावा नाकारायला आयतं निमित्त मिळतं.

कागद शेवटी, पण ढिलाई नको. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५, बाहेरच्या राज्यातलं पासिंग असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी, थकलेली चलानं. विमाही तुमच्या नावावर करून घ्या. आणि हो, आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याचाच असतो, गाडीबरोबर तो तुम्हाला मिळत नाही. त्यामुळे ‘विमा फक्त एवढाच येतो’ या आकड्यावर विसंबू नका.

आमचं म्हणणं सेदान घेऊ नका, असं अजिबात नाही. तीन साध्या गोष्टी पाळा, एवढंच. गाडीचा सगळा मासिक खर्च पगाराच्या पाव हिस्स्यात बसत नसेल, तर वर्षभर थांबा. टर्बो आणि ड्युअल क्लचच हवा असेल, तर गाडीच्या किमतीशिवाय दीड लाख बाजूला ठेवा आणि तेवढे नसतील तर साधं इंजिन, साधा गिअर घ्या, त्यातही मजा आहे. आणि घरच्यांच्या पीएफला, सोन्याला हात लावून पिकअप विकत घेऊ नका. त्या पैशांनी त्यांनी दुसरं काहीतरी ठरवलेलं असतं, तुम्हाला सांगितलेलं नसतं इतकंच.

त्या काकांच्या गाडीच्या ग्लोव्ह बॉक्समध्ये दोनशे पानी वही आहे. कधी पेट्रोल भरलं, किती किलोमीटर झाले, कोणता पार्ट बदलला, कितीला. अकरा वर्षांचं सगळं निळ्या पेनाने. मी माझी दुसरी गाडी घेतली तेव्हा पहिल्या दिवशी तशीच एक वही विकत आणली. पुढच्या वेळी पार्किंगमध्ये एखादी सेदान थांबली, की ‘किती देते?’ खुशाल विचारा. पण मग हेही विचारा, ‘वही आहे का?’