लोकसंगीतातले ‘लोक’ कोण?

रेडिओ-टीव्हीवर लोकसंगीताचा चांगला कार्यक्रम सुचवा, असं कुणी म्हटलं की मी आधी एक उलट प्रश्न विचारतो. त्या कार्यक्रमात कुंभारी ऐकू येते का?

कुंभारी हे सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावरचं गाव. विडी कामगार बायकांसाठी इथं गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली, 10 हजार घरांची. 2006 साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते तिचं लोकार्पण झालं. पुढं असंघटित कामगारांसाठी 30 हजार घरांच्या रे नगरचं काम सुरू झालं. जानेवारी 2024 मध्ये त्यातल्या 15 हजार घरांचा ताबा नरेंद्र मोदींच्या हस्ते देण्यात आला. दोन्ही वेळा कॅमेरे आले, घरं दाखवून गेले. त्या घरांत काय गायलं जातं, हे विचारायला मात्र कुणाला फुरसत नव्हती.

विचारलं असतं तर बरंच काही सापडलं असतं. तेलंगणातून मागावर आलेल्या पद्मशाली घरांतल्या बायका फुलांची बतुकम्मा मांडून, तिच्याभोवती फेर धरून तेलुगूत गातात. शेजारच्या गल्लीत मुसलमान घरात हळदीच्या रात्री ढोलक निघते आणि दखनीत व्याह्यांना शिव्या देणारी गाणी सुरू होतात. सोलापूरपासून विजापूरपर्यंतच्या पट्ट्यात मोहरमला रिवायती गायल्या जातात, कन्नडमध्ये आणि दखनीतही, आणि गाणाऱ्यांत हिंदूही असतात. जात्यावरची मराठी ओवी तर सगळ्यांचीच. परदेशी चॅनेलवर हेच लागलं तर आपण त्याला ‘वर्ल्ड म्युझिक’ म्हणू. ते नाव तरी काय, 1987 साली लंडनमधल्या काही रेकॉर्ड कंपन्यांनी दुकानात कॅसेटी कुठल्या फळीवर ठेवायच्या, या अडचणीतून ठरवलेलं.

आपल्याकडेही अशाच फळ्या आहेत. लोकसंगीत म्हटलं की लावणी, कोळीगीत, गोंधळ, भारूड. नऊवारी, फेटा, संबळ. याबद्दल तक्रार नाही, ते आपलंच आहे. पण मुसलमान कुठं येतो? ईदच्या दिवशी, कव्वाली घेऊन. जणू महाराष्ट्रातला मुसलमान मराठी मातीत कधी गायलाच नाही! पेशवाईतला सगनभाऊ शिकलगार होता, मुसलमान होता आणि लावणीकार म्हणून रामजोशींच्या पंक्तीत त्याचं नाव घेतलं जातं. 1944 साली अण्णाभाऊ साठे आणि गवाणकरांच्या सोबतीनं लाल बावटा कलापथक उभं करणारे शाहीर अमर शेख याच जिल्ह्यातल्या बार्शीचे. त्यांचा डफ मराठी लोकसंगीत नसेल तर मग कशाला म्हणायचं?

ही वर्गवारी आजची नाही. 1952 ते 1962 या काळात बाळकृष्ण केसकर माहिती व नभोवाणी मंत्री होते. मुसलमान गवयांच्या हाती गेल्यामुळं हिंदुस्तानी संगीताचं अध्यात्म हरवलं, असं त्यांचं मत होतं आणि ते त्यांनी लिहूनही ठेवलं. सिनेमाची गाणी त्यांना चालत नव्हती. आकाशवाणीनं ती जवळजवळ हद्दपार केली, तेव्हा श्रोत्यांनी काटा फिरवला आणि रेडिओ सिलोन लावलं. अखेर 3 ऑक्टोबर 1957 ला विविध भारती सुरू करावी लागली. श्रोत्यांनी काय ऐकावं हे दिल्लीत बसून ठरवता येत नाही, एवढा धडा यातून मिळायला हरकत नव्हती. सिनेसंगीतापुरता तो मिळाला. लोकसंगीतात अजून नाही.

दोष फक्त सरकारी माध्यमांचा म्हणून हात झटकणं सोपं आहे. खासगी एफएमला सिनेमापलीकडं बघायचंच नसतं. आणि आपल्या घरात? हळदीची गाणी बिदअत आहेत, असं सांगत काही मौलवी ढोलक बंद करायला लावतात. मग त्याच लग्नाच्या वरातीत डीजे वाजतो आणि त्यावर कुणी बोलत नाही. आजीचं गाणं गुन्हा आणि डीजे माफ, हा कुठला न्याय? एकीकडून माध्यमं तिला ‘लोक’ मानत नाहीत, दुसरीकडून आपलेच लोक तिचं तोंड बंद करतात. ती गेली की गाणंही जाईल, कारण ते कुठंच लिहिलेलं नाही.

‘मराठी कार्यक्रमात तेलुगू, दखनी कशाला?’ असं विचारणारेही भेटतात. या बायका महाराष्ट्रात राबतात, मतदान करतात, मुलांना मराठी शाळेत घालतात. त्यांचं गाणं परकं कसं?

विडी वळताना हात आणि डोळे गुंतलेले असतात, कान तेवढा मोकळा असतो. क्यूबात चिरूट वळणाऱ्या कामगारांनी हे फार आधी ओळखलं. 1865 पासून हवानाच्या कारखान्यांत वाचक बसू लागला. कामगार वळायचे, तो मोठ्यानं वाचायचा. त्याचा पगार कामगार स्वतःच्या खिशातून द्यायचे आणि काय वाचायचं हेही तेच ठरवायचे. माझं म्हणणं एवढंच आहे. काय वाजवायचं हे कुंभारीच्या बायकांनी ठरवावं, आणि वाजवायचं ते त्यांचं स्वतःचंही असावं.

हे अशक्य नाही. 2006 पासून सामाजिक संस्थांना सामुदायिक रेडिओचा परवाना मिळू शकतो. सातारा जिल्ह्यात म्हसवडसारख्या दुष्काळी गावात ‘माणदेशी तरंग’ चालतं. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी गावोगाव फिरून जमवलेल्या जात्यावरच्या ओव्या लाखाच्या वर आहेत. ‘पारी’ या संकेतस्थळावर त्यातल्या काही ऐकता येतात. कुणाला खरंच काही सुचवायचं असेल तर मी आधी हे सुचवेन. सोलापुरात कामगार संघटना आहेत, महाविद्यालयं आहेत, विद्यापीठ आहे. मोबाईल तर प्रत्येक घरात आहे. यंदाच्या हळदीला, बतुकम्माला, मोहरमला निदान रेकॉर्डिंगचं बटण तरी दाबा. आणि रेडिओ केंद्रांना पत्रं लिहा: लोकसंगीताच्या कार्यक्रमात आमच्या वस्तीची पाळी कधी?