लेथ घरी आणताय? आधी हायड्राचे पैसे बाजूला काढा

घरच्या शेडमध्ये लेथ लावायची ठरली की कागदावर हिशेब होतो. मशीनची किंमत, मोटर, थ्री फेजचं कनेक्शन, खालचा कोबा, वरचे पत्रे. टेम्पोचं भाडंही त्यात असतं. पण मशीन टेम्पोतून खाली कसं उतरणार, असं विचारलं तर उत्तर येतं, "चार पोरं बोलावतो की!" डॉक्टर म्हणून माझं मत असं आहे की त्या संपूर्ण हिशेबातली सगळ्यात महाग बाब हीच, आणि नेमकी तीच फुकटात धरलेली असते.

हे मी कुणाला हिणवायला लिहीत नाही. व्हीआरएस घेतलेला टर्नर, आयटीआय करून स्वतःचं काही सुरू करू पाहणारा मुलगा, बँकेतून निवृत्त होऊन छोटी इंजिनं बनवण्याचा छंद जोपासणारे काका, या सगळ्यांनी घरी मशीन लावावं असंच मला वाटतं. रिकामे हात माणसाला लवकर म्हातारं करतात. पण मशीन शेडमध्ये पोचलं आणि मालक अंथरुणात, असं होऊ नये.

आधी वजनाचं बोलू. राजकोट किंवा बटाल्याकडची साधी साडेचार-सहा फुटी लेथ काही शे किलोंची असते. नक्की आकडा मॉडेलप्रमाणे बदलतो, म्हणून विकणाऱ्याला विचारून लिहून घ्या. आता माणसाची बाजू बघा. अमेरिकेतल्या नायॉश या व्यवसाय-आरोग्य संस्थेने १९९१ मध्ये वजन उचलण्याचं एक सूत्र दिलं. त्यात सगळं अगदी मनासारखं असताना, म्हणजे ओझं अंगालगत, कमरेच्या उंचीवर, पकड घट्ट, पाठीला पीळ नाही, अशा वेळी धरलेली मर्यादा २३ किलो आहे. ओझं अंगापासून लांब गेलं, खालून उचलायचं झालं किंवा उचलताना वळावं लागलं की ती भराभर कमी होते. लेथ उचलताना यातलं काहीच मनासारखं नसतं. तिला धरायला कान नाहीत, कडा धारदार, अंगाला ग्रीस, आणि एका बाजूला हेडस्टॉक असल्याने वजनही एकाच टोकाला.

"पण आम्ही चौघं आहोत," असं तुम्ही म्हणाल. चार माणसांची ताकद चौपट होत नाही. ब्रिटनच्या सुरक्षा खात्याचा ढोबळ हिशेब असा, की दोघांनी मिळून उचललं तर दोघांच्या बेरजेच्या दोन तृतीयांश धरा, तिघांनी उचललं तर निम्मं. कारण पावलं जुळत नाहीत, उंची सारखी नसते, आणि हेडस्टॉककडे उभ्या असलेल्याच्या वाट्याला जास्त येतं. त्यातल्या एकाचा हात सुटला की त्याचा भार क्षणात दुसऱ्यावर जातो. पाठीची आणि बोटांची इजा होते ती बहुधा त्याच क्षणी.

मणक्यात काय होतं ते थोडक्यात सांगतो. दोन मणक्यांच्या मध्ये एक गादी असते. बाहेरून चिवट धाग्यांची कडी, आत मऊ गर. १९९९ मध्ये जर्मनीतल्या उल्म इथल्या संशोधकांनी एका स्वयंसेवकाच्या कमरेच्या गादीत दाब मोजणारी बारीक नळी बसवून रोजच्या हालचालींतला दाब मोजला. नुसतं उभं असताना तो ०.५ मेगापास्कल होता. २० किलो वजन पाठ वाकवून उचललं तेव्हा २.३, आणि गुडघे वाकवून शास्त्रशुद्ध पद्धतीने उचललं तेव्हा १.७. एकाच माणसावरचं मोजमाप आहे, त्यामुळे आकडे पवित्र मानू नका. पण दिशा कळते: गुडघे वाकवल्याने फायदा होतो, तरी दाब उभं असतानाच्या तिप्पट-चौपट राहतोच. आणि हे फक्त २० किलोंचं!

म्हणूनच "गुडघे वाकवा, पाठ सरळ ठेवा" या भिंतीवरच्या तक्त्यावर माझा फारसा विश्वास उरलेला नाही. ती पद्धत चुकीची नाही, पण ती पुरेल असं वाटणं धोक्याचं आहे. उचलण्याचं प्रशिक्षण देऊन कामगारांची पाठदुखी टळते का, याचा कॉक्रेनने २०११ मध्ये आढावा घेतला. टळते असा पुरावा त्यांना मिळाला नाही. कमरेच्या पट्ट्याचंही तसंच. दुखणं टाळायला म्हणून निरोगी माणसाने पट्टा बांधण्याला भक्कम आधार नाही, उलट पट्टा बांधला की माणूस उगाच दहा किलो जास्त उचलायला जातो. उपाय एकच उरतो. वजन माणसाने उचलायचंच नाही.

आणि प्रश्न फक्त "मणक्यात गॅप आली"चा नाही. दम कोंडून जोर लावला की रक्तदाब किती चढतो, हे १९८५ मध्ये कॅनडात तरुण बॉडीबिल्डरांच्या धमनीत नळी घालून मोजलं होतं. दोन्ही पायांनी जड वजन रेटताना त्यांचा सरासरी दाब ३२०/२५० पर्यंत गेला! ते धट्टेकट्टे होते, क्षणभराचा दाब त्यांनी सोसला. पन्नाशी ओलांडलेल्या, बीपीची गोळी अधूनमधून विसरणाऱ्या गृहस्थाच्या रक्तवाहिन्यांनी तो का म्हणून सोसावा? जांघेत आधीच छोटा हर्निया असेल तर तोही याच जोराने बाहेर येतो.

मग मशीन उतरवायचं कसं? रस्ता असेल तर हायड्रा बोलवा. हायड्रा शिरत नसेल तर तिपाई आणि चेन कुप्पी. आधी मशीन हलकं करा. टेलस्टॉक, मोटर, चक काढून घ्या. चक काढण्याआधी खाली बेडवर लाकडी फळी ठेवायला विसरू नका, कारण आठ इंची चक हातातून निसटला की बोट चक आणि बेड यांच्यामध्ये सापडतं. बेडही खराब होतो, पण त्याचं दुःख फिटर करेल, मी बोटाचं करतो. कॅरेज टेलस्टॉकच्या बाजूला सरकवून वजनाचा तोल साधा. पट्टा बेडभोवती घ्या, लीडस्क्रूला कधीही नाही. कुप्पी ज्याला टांगायची तो आधार तेवढ्या वजनाचा असावा. पत्र्याच्या शेडची कैची त्यासाठी केलेली नसते, आणि घरगुती कामात मला सगळ्यात जास्त भीती याच गोष्टीची वाटते.

जमिनीवर आल्यावर पहार आणि पाईपचे तुकडे पुरतात. पहारीने बोटभर उचला, लगेच लाकडी ठोकळा सारा, पुन्हा बोटभर, पुन्हा ठोकळा. नुसत्या पहारीच्या किंवा जॅकच्या भरवशावर हात आत घालायचा नाही. पाईप सरकवताना तळहाताने वरून ढकला, टोकाच्या आत अंगठा घालू नका. ठोकळे हातभर लांबीच्या काठीने सारा. उभ्या ड्रिल मशीनचं सगळं वजन डोक्याकडे असतं, म्हणून ते उभं नेऊ नका. हातातली अंगठी, कडं, गळ्यातलं सगळं आधी काढून ठेवा. अंगठी अडकली तर बोटाची कातडी मोज्यासारखी सोलून निघते.

एक गोष्ट मात्र सगळ्यांना मोठ्याने सांगून ठेवा: मशीन कलंडायला लागलं तर पडू द्यायचं. कुणीही सावरायला जायचं नाही. आपला स्वभाव असा की लाखाची वस्तू पडताना हात आपोआप पुढे जातो. म्हणून हे आधी बोललेलं बरं.

आता ती चार पोरं. त्यात भाचा असतो, शेजारचा असतो, छोटा हत्तीचा ड्रायव्हर असतो. कारखान्यातल्या माणसाला इजा होईल एवढं ओझं उचलायला लावू नये, असं १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ३४ व्या कलमात लिहिलेलं होतं. हमालांसाठी महाराष्ट्रात १९६९ चा माथाडी कायदा आहे. तुमच्या पडवीत चहाच्या बोलीवर आलेल्या भाच्याला यातलं काही लागू नाही. त्याचा पाय चेंगरला तर दवाखाना कोण भरणार, आणि तीन महिने त्याच्या घरात पगार कुठून येणार, हे त्याला बोलावण्याआधी ठरवा. उत्तर देता येत नसेल तर त्याला बोलावू नका. हायड्राचं भाडं फार वाटतं त्यांना मला एवढंच विचारायचं आहे.

तरीही काही झालंच तर हे लक्षात ठेवा. हात किंवा पाय चेंगरला आणि जखम किरकोळ दिसते, पण दुखणं वाढतच चाललंय, भाग दगडासारखा टणक लागतो, दुसऱ्याने बोटं हलक्या हाताने ताणली तरी किंचाळावंसं वाटतं, तर आतला दाब वाढून रक्तपुरवठा बंद पडतोय असं समजा. यात तास मोजावे लागतात, सकाळची वाट बघायची नाही. चोळू नका, घट्ट बांधू नका. पाय बराच वेळ मशीनखाली अडकून राहिला असेल तर १०८ ला फोन करा आणि किती वेळ अडकला होता ते डॉक्टरांना सांगा. चेंगरलेल्या स्नायूंतले घटक रक्तात उतरून मूत्रपिंड बंद पडू शकतं. १९४१ मध्ये लंडनमध्ये बॉम्बहल्ल्यांत ढिगाऱ्याखालून काढलेल्या लोकांत हे नीट नोंदवलं गेलं. लघवी काळ्या चहासारखी झाली तर तीच खूण. बोट तुटलंच तर ते ओल्या स्वच्छ गॉझमध्ये गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. बोट थेट बर्फावर ठेवू नका.

कमरेत उसण भरली तर घाबरू नका. बहुतेकांची काही आठवड्यांत बरी होते, पहिल्याच दिवशी एमआरआय लागत नाही, आणि दिवसेंदिवस झोपून राहिल्याने ती लांबते. पण लघवी अडली, बैठकीची जागा बधिर झाली किंवा दोन्ही पायांतलं बळ गेलं, तर त्याच रात्री मोठ्या रुग्णालयात जा. मालिश करणाऱ्याकडे नाही.

मशीन जागेवर बसवताना लेव्हल, अर्थिंग हे तुमचा फिटर आणि वायरमन बघतीलच. मी फक्त उंचीबद्दल सांगतो. तुम्ही सरळ उभे राहिलात की स्पिंडलचा मध्य तुमच्या कोपराच्या उंचीवर यायला हवा. खाली असेल तर पायाखाली भक्कम ओटा बांधून मशीन वर घ्या, आणि हे हायड्रा यायच्या आधी मोजा. मशीन एकदा खाली टेकलं की ते चार इंच वर घ्यायला पुन्हा पोरं बोलावली जातात.