खिचडी आणि खट्टा

वर्गात खिचडीचं नाव काढलं की मुलं नाक मुरडतात. त्यांच्या लेखी खिचडी म्हणजे शाळेतली, नाहीतर ताप आल्यावर घरी मिळणारी. मुदखेडात वाढलेल्या आमच्या पिढीला मात्र खिचडी म्हटली की सोबतचा खट्टा आठवतो. सुट्टीची सकाळ, तव्यावर तिल्ली भाजल्याचा वास आणि दादीची हाक, "चखके देखो, नमक बराबर हय क्या?"

हा नाश्ता हैदराबादेकडचा म्हणतात, ते खरंच आहे. मराठवाडा सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. पण मुळात खिचडी त्याहून कितीतरी जुनी. चौदाव्या शतकात मोरोक्कोहून आलेल्या इब्न बतूताने लिहून ठेवलं आहे की इथले लोक मूग-तांदूळ एकत्र शिजवून तुपाबरोबर रोज सकाळी खातात. अबुल फजलच्या आईन-ए-अकबरीत तर शाही भटारखान्याचं मापच दिलं आहे : तांदूळ पाच शेर, डाळ पाच शेर आणि तूपही पाच शेर! एवढं तूप आज परवडणार नाही आणि पचणारही नाही. पण खिचडी म्हणजे आजाऱ्याचं खाणं, असं कधीच नव्हतं.

आमच्याकडे ती मसुरीची होते. चार माणसांना दोन वाट्या तांदूळ आणि एक वाटी मसूर डाळ, दोन्ही धुऊन अर्धा तास भिजवायचं. तेलात शहाजिरं, दोन लवंगा, दालचिनीचा तुकडा आणि उभा चिरलेला कांदा लाल करायचा. मग आलं-लसूण, हळद, दोन हिरव्या मिरच्या. साडेचार-पाच वाट्या पाणी उकळलं की तांदूळ-डाळ आणि मीठ टाकायचं. पाणी आटत आलं की मंद आचेवर दहा मिनिटं दम. दाणा मोकळा राहिला पाहिजे, गिचका नको.

खरी मेहनत खट्ट्याची. अर्धी वाटी तीळ आणि चमचाभर जिरं कोरडं भाजायचं. तीळ तडतडायला लागले की लगेच उतरवायचे, करपले तर खट्टा कडू होतो. बारीक वाटून त्यात लिंबाएवढ्या चिंचेचा कोळ, मीठ, तव्यावर भाजून चुरडलेली हिरवी मिरची, बारीक चिरलेला कच्चा कांदा, कोथिंबीर, पुदिना. ताकाइतकं पातळ करून वरून जिरं, सुकी लाल मिरची आणि कढीपत्त्याचा बगार. चिंच चुलीवर चढवायची नाही. उकळली की तो खट्टा राहत नाही, सालन होतं. कुणी शेंगदाण्याचा कूटही घालतात. चांगला लागतो, पण आमच्या दादीला तो मंजूर नव्हता.

आता हे सगळं आजच का लिहितो आहोत? परिपाठाला उभी असलेली मुलगी डोळ्यांपुढे अंधारी येऊन खाली बसते, हे आम्ही दर काही दिवसांनी पाहतो. सकाळी काय खाल्लं विचारलं, तर उत्तर ठरलेलं : चहा आणि टोस्ट. कधी तेही नाही, पाच रुपयांचा पुडा. शाळेतला पोषण आहार आठवीपर्यंत. नववीत गेलेल्या मुलीला तो मिळत नाही, आणि तिला लोहाची गरज असते ती याच वयात. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या 15 ते 19 वयाच्या मुलींपैकी 59 टक्के मुलींत रक्तक्षय आढळला. म्हणजे शंभरातल्या निम्म्याहून जास्त.

मसुरीत आणि तिळात लोह आहे. खट्ट्यातली कच्ची कोथिंबीर, वर लिंबू पिळलंत तर तेही, हे लोह अंगी लागायला मदत करतं. चहा मात्र ते अडवतो, म्हणून चहा तासाभराने. शाळेत दर आठवड्याला मिळणारी लोहाची गोळी उपाशीपोटी मळमळते आणि मुली ती गुपचूप टाकून देतात. पोटात खिचडी असेल तर गोळीही टिकते. खिचडी हे काही औषध नव्हे. मुलीला वारंवार चक्कर येत असेल तर रक्त तपासून घ्या, तिथे नुस्खे करत बसू नका.

आता भगिनी म्हणतील, फजरनंतर तासाभरात डबे, पाणी, झाडलोट, त्यात खट्टा कोण वाटणार? रास्त प्रश्न आहे. तीळ-जिऱ्याची कोरडी पूड रविवारी करून बरणीत भरली तर दोन आठवडे पुरते. चिंच रात्री भिजत घालावी. आणि कांदा चिरायला मुलाचाही हात चालतो, त्याच्या अब्बांचाही. हजरत आयेशा (रजि.) यांची रिवायत आहे की पैगंबर (स.) घरात असताना घरच्यांच्या कामात असत आणि नमाजची वेळ झाली की निघत. ही रिवायत आपल्याकडे बयानात ऐकली जाते, बावर्चीखान्यात तिचा अमल फारसा दिसत नाही.

डब्यात खिचडी देणार असाल तर खट्टा घट्ट झाकणाच्या वेगळ्या डबीत द्या, कांदा मधल्या सुट्टीपर्यंत कच्चट वास मारतो म्हणून तो वगळून. आणि डबी दप्तराच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवायला सांगा. चिंचेचे डाग पडलेल्या वह्या आम्ही पुष्कळ तपासल्या आहेत.