बियाणे आपल्याच हाती हवे

सम्राट अशोकाचे शिलालेख जेथे सापडले, त्या सोपाऱ्याजवळचे गास. भात कापले की जमिनीतल्या ओलीवर वाल पेरायचा, ही कोकणपट्टीची जुनी रीत. त्याला मांडव लागत नाही, फारसे पाणीही लागत नाही. मग ज्यांना शेत नाही, त्यांनी परसदारी दोन वाफे का करू नयेत?

बलुत्यासाठी आमच्या पूर्वजांना दुसऱ्याच्या खळ्यावर हात पसरावा लागला. बाबासाहेबांनी १९३७ साली खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले, ते कोकणातल्या कुळांना या लाचारीतून सोडविण्यासाठी. आता दरवर्षी बियाण्याच्या पाकिटासाठी दुकानदारापुढे हात पसरायचा काय?

निरोगी झाडावरच्या शेंगा झाडावरच वाळू द्याव्यात. दाणे उन्हात वाळवून राखेत ठेवावेत. शेतकऱ्याने बी राखावे, पेरावे, शेजाऱ्याला द्यावे, हा हक्क २००१च्या कायद्यानेच दिला आहे. अकोले तालुक्यातील आदिवासी भगिनी राहीबाई पोपेरे यांनी गावठी वाण जपले. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

दोन वाफ्यांनी भूमिहीनता संपणार नाही. जमिनीचा लढा लढावाच लागेल. पण उद्या जमीन मिळाली, तर तिच्यात पेरायला बी आपल्या घरातले असावे. जयभीम!